लघुग्रहांचे चंद्र आणि लोणारचा प्रश्न

वसईनजीकच्या तुंगारेश्वराच्या डोंगरात जो काळा कातळ आढळतो, त्याच जातीच्या कातळात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर वसले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा अवकाशातून आलेल्या अशनीच्या, म्हणजेच एका लहानशा लघुग्रहाच्या आघाताने निर्माण झाला, हे १९७३ मध्ये तेथील खडकांच्या अभ्यासावरून सिद्ध झाले. त्याच्या उत्तरेस सुमारे ७०० मीटरवर अंबर तळे आहे. काही संशोधक तेही आघाताचेच फलित मानतात. इतरांना ते मान्य नाही. लोणारचा लघुग्रह एकटाच आला, की त्याच्यासमवेत एखादा सोबती होता, हा प्रश्न म्हणूनच अद्याप खुला आहे.

लघुग्रहांनाही चंद्र असतात, ही बाब दीर्घकाळ केवळ तर्काची होती. २८ ऑगस्ट १९९३ रोजी ‘गॅलिलिओ’ यान ‘इडा’ या लघुग्रहाजवळून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत, १९९४ च्या प्रारंभी, इडाचा जेमतेम दीड किलोमीटर व्यासाचा चंद्र आढळला. त्यास ‘डॅक्टिल’ हे नाव मिळाले. त्यानंतर अशा शेकडो जोड्या उजेडात आल्या आहेत.

दुर्बिणीतून हे चंद्र वेगळे दिसणे अवघड असते. मात्र लघुग्रहाचा प्रकाश ठरावीक कालावधीने मंदावत असेल, तर चंद्र त्याच्या पुढून वा मागून जात असावा, असे अनुमान निघते. लघुग्रहाने एखादा तारा झाकला जाणे, यास पिधान म्हणतात. असा तारा लागोपाठ दोनदा झाकला गेल्यास सोबत्याचा संशय बळावतो. जवळून जाणाऱ्या लघुग्रहांसाठी रडारचाही उपयोग होतो.

हा शोध केवळ कुतूहलापोटी नाही. चंद्राचे अंतर व प्रदक्षिणाकाळ यांवरून लघुग्रहाचे वस्तुमान काढता येते. त्यास आकाराची जोड दिली, की तो अखंड कातळ आहे की सैल दगडांची रास, हे उमगते. पृथ्वीकडे येणाऱ्या लघुग्रहाची दिशा बदलावयाची झाल्यास ही माहिती अत्यावश्यक ठरते. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘नासा’ने ‘डिडिमॉस’ या लघुग्रहाच्या सुमारे १६० मीटरच्या ‘डायमॉर्फस’ या चंद्रावर ‘डार्ट’ यान आदळविले. त्यामुळे त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. मानवाने खस्थ पिंडाची कक्षा हेतुपुरस्सर बदलल्याचे हे पहिलेच उदाहरण होय.

लोणारच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आकाशात नव्हे, अंबर तळ्याच्या दगडमातीत दडलेले आहे. ती अबाधित राहिली, तरच उद्याच्या संशोधकास तो पुरावा वाचता येईल. याची जाणीव गावोगावी रुजविण्याचे कार्य शिक्षक व पंचायत सदस्यच उत्तम प्रकारे करू शकतील.