पदवी आणि पगार यांच्यामधली वर्षं

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्या उमेदवाराला दरमहा 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला 8,000 आणि पदवीधर वा पदव्युत्तर उमेदवाराला 10,000 रुपये विद्यावेतन त्यात ठरलं. हा पगार नव्हे, कामाचा अनुभव मिळावा म्हणून दिलेली मदत आहे. तरीही या तीन आकड्यांत आपल्या समाजाच्या मनातली शिक्षणाची उतरंड स्पष्ट दिसते. कोल्हापूरच्या दक्षिणेला कळंब्याच्या रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथून काही किलोमीटरवर 1962 साली स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ. दहावी-बारावीच्या निकालानंतर या भागातल्या असंख्य घरांत या दोन वाटांची तुलना होते, आणि बहुतेक वेळा ती तुलना सुरू होण्याआधीच संपलेली असते. मार्क बरे असतील तर कॉलेज, कमी पडले तर आयटीआय. या निर्णयामागे एक गृहीतक असतं, ते म्हणजे पदवी घेतली की चांगली नोकरी लागते. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. पदवीचा फायदा होतो, मात्र तो उशिरा होतो, आणि हा उशीर ज्या घराला परवडतो त्याच घराला तो पुरता मिळतो. म्हणून पदवी घ्यावी की नाही यापेक्षा, पदवी आणि पहिला खरा पगार यांच्यामधली वर्षं कशी काढायची, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

आधी आकडे पाहू, कारण ते पहिल्या नजरेत चकवतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी 2024 मध्ये भारतातल्या रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार 2022 मध्ये ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर 3.4 टक्के होता, माध्यमिक किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांमध्ये 18.4 टक्के आणि पदवीधर तरुणांमध्ये 29.1 टक्के. म्हणजे शिक्षण वाढलं तशी बेकारीही वाढली. यावरून ‘शिकून काय उपयोग’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो चुकीचा ठरेल. बेरोजगार म्हणून मोजला जातो तो काम शोधत असलेला आणि काम न मिळालेला माणूस. निरक्षर तरुणाला काम शोधत घरी बसणं शक्यच नसतं. तो दुसऱ्या दिवशी रोजंदारीवर, बांधकामावर किंवा ऊसतोडीला जातो आणि आकडेवारीत ‘रोजगार असलेला’ ठरतो. त्याच्याकडे काम आहे, चांगलं काम नाही. पदवीधर मात्र थांबतो, कारण मनासारखी नोकरी मिळेल अशी त्याला आशा असते आणि घरात दोन वेळची सोय असते.

हे थांबणं किती लांबतं, ते अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालातून कळतं. पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी 42 टक्क्यांच्या वर होती. पंचवीस ते एकोणतीस या वयात ती जवळपास 23 टक्क्यांवर येते, तिशीच्या पहिल्या निम्म्यात 10 टक्क्यांच्या आसपास आणि पस्तिशीनंतर 5 टक्क्यांच्या खाली. याचा अर्थ पदवीधर शेवटी कुठे ना कुठे लागतो. सरासरी पाहिली तर पदवीधर पगारदाराची कमाई दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्यापेक्षा ठळकपणे जास्त असते, हेही देशभरच्या पाहण्यांत वारंवार दिसतं. मात्र पस्तिशीतला हा कमी दर एक गोष्ट सांगत नाही. थांबलेल्यांपैकी किती जणांना मनासारखी नोकरी मिळाली आणि किती जणांनी दहा वर्षांनी आशा सोडून मिळेल ते काम धरलं, हे त्यात दिसत नाही. पदवीच्या बाजूने बोलणारे सरासरी कमाईचा दाखला देतात, विरोधात बोलणारे बेकारीच्या दराचा. दोन्ही आकडे खरे आहेत आणि एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत.

पदवीची किंमत अशी का झाली, याचं एक उत्तर मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने 1973 मध्ये दिलं. पुढे 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नोकरी देणाऱ्याला समोरचा उमेदवार किती चिकाटीचा, किती समजूतदार आहे हे आधी कळत नाही. म्हणून तो पदवीसारखी एखादी खूण पाहतो. तीन वर्षं नेटाने अभ्यास करून जो पार पडला तो बरा असेल, असा तो अंदाज बांधतो. ही खूण थोड्यांकडे असते तोवर तिला वजन असतं. शंभरातल्या साठ-सत्तर अर्जदारांकडे तीच खूण आली की नोकरी देणारा आणखी वरची खूण मागू लागतो, आणि काल पदवीवर मिळणाऱ्या कामासाठी आज पदव्युत्तर उमेदवार रांगेत उभे राहतात. यात कोणाचा दोष नाही. बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्या मुलाने अभ्यास केला नाही, असंही नाही. त्याच्या हातातल्या कागदावरून नोकरी देणाऱ्याला आता पुरेसं काही कळत नाही, एवढंच.

सरकारी नोकरीत हे चित्र सर्वांत ठळक आहे. तिथे अनेक पदांसाठी पदवी कायदेशीर अट आहे. राज्यसेवा परीक्षा, तलाठी, बँकेतला लिपिक यांपैकी कुठेही पदवीशिवाय अर्ज करता येत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. 2024 च्या पोलीस भरतीत साधारण 17 हजार जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज होते. शिपाई पदाला बारावीची अट असताना अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकलेले उमेदवारही मैदानात धावले. पदवी इथे रांगेत उभं राहण्याचा परवाना देते. रांग किती लांब असेल आणि आपला नंबर लागेल का, याची हमी ती देत नाही. तरीही भरतीची तयारी करणारी मुलं चुकतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. वेळेवर पगार, आजारपणाची सोय, नोकरीची शाश्वती आणि गावात मान हे सगळं एकत्र देणारी दुसरी नोकरी त्यांना आसपास क्वचितच दिसते.

मात्र या रांगेचा खर्च सगळ्यांना सारखा पडत नाही. शिक्षकाच्या किंवा बागायतदाराच्या मुलाने पदवीनंतर चार वर्षं अभ्यासिकेत घालवली, तर त्याचं आयुष्य थोडं पुढे ढकललं जातं. शेतमजुराच्या किंवा हमालाच्या मुलाची तीच चार वर्षं घरावर कर्ज चढवतात. क्लासची फी, खोलीभाडं, मेस आणि दर भरतीची अर्जाची फी भरायची असते, आणि त्यात न मिळालेला पगारही धरावा लागतो. पदवीच्या फायद्याचा हिशेब करताना आपण कॉलेजची फी मोजतो, ही वर्षं मोजत नाही. म्हणूनच वर्गात शेजारी बसलेल्या, सारखेच मार्क मिळवलेल्या दोघांना त्याच पदवीचा फायदा वेगवेगळा होतो.

आता कळंब्याच्या रस्त्यावरची दुसरी वाट पाहू. आयटीआयमध्ये दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असे एक-दोन वर्षांचे ट्रेड शिकवले जातात, आणि त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. कोल्हापुरात या कौशल्यांना मागणी आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत इथल्या फौंड्री आणि मशीनशॉप वाहनांचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग बनवतात. त्यांना ड्रॉइंग वाचणारा, मायक्रोमीटर नीट धरणारा, सीएनसी मशीन बसवून देणारा माणूस हवा असतो. विशीच्या आत मिळणारा हा पहिला पगार लहान असला तरी तो खरा असतो, आणि त्यासोबत हातात आलेलं काम पुढे कुठेही उपयोगी पडतं. विशेष म्हणजे ही वाट पदवीपाशी बंद होत नाही. आयटीआय झालेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविका झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समज त्यामुळे वस्तुस्थितीला धरून नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की कारखान्यातल्या कामाचं इतकं कौतुक करणाऱ्यांनी तिथली परिस्थितीही सांगावी. हा आक्षेप रास्त आहे. फौंड्रीत उष्णता आहे, धूळ आहे, अपघाताची भीती आहे. बरंच काम कंत्राटी आहे, आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतरही पगार अनुभवाच्या प्रमाणात वाढेलच असं नाही. म्हणूनच इथल्या फौंड्रीत उत्तर प्रदेश, बिहारकडचे कामगार मोठ्या संख्येने दिसतात आणि स्थानिक पदवीधर दुसरीकडे नोकरी शोधतो. त्याला आळशी म्हणून प्रश्न सुटणार नाही. कुशल कामगार मिळत नाहीत अशी तक्रार जो उद्योग करतो, त्याने कायम नोकरी, सुरक्षित जागा आणि कौशल्यानुसार चढता पगार दिला पाहिजे. पण या आक्षेपातून ‘म्हणून फक्त पदवी घ्या’ हा निष्कर्ष निघत नाही. कंत्राटी काम आणि अपुरा पगार आज पदवीधरांच्या कार्यालयांतही शिरला आहे. फरक असा, की हाताला काम येणाऱ्याकडे मालकाशी बोलताना किमान एक ठोस गोष्ट असते.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो. पदवी नसताना मोठे झालेले लोक पाहा, मग पदवीची गरजच काय, असं म्हटलं जातं. आपल्या भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव हटकून घेतलं जातं. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंगांधळेपणामुळे यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले आणि पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण हे उदाहरण पुढेही पाहिलं पाहिजे. त्यांनी आपला मुलगा शंतनुराव याला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवलं आणि 1926 मध्ये तो यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतला. पदवीशिवाय कारखाना उभारणाऱ्या माणसानेच पुढच्या पिढीसाठी पदवी महत्त्वाची मानली. आणि पदवीशिवाय यशस्वी झालेल्या एकेका नावामागे, पदवी नसल्यामुळे बढती अडलेले, मुलाखतीलाही न बोलावले गेलेले हजारो लोक असतात. त्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: शिक्षणाचं मोल नोकरीने का करायचं? ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तिथे हा प्रश्न विचारला जाणारच. पहिल्यांदा कॉलेजात पोचलेल्या मुलीसाठी पदवीची तीन वर्षं म्हणजे लग्नाची घाई तीन वर्षांनी पुढे जाणं, घराबाहेरचं जग पाहणं आणि स्वतःचं मत तयार होणं असतं. राज्याने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं, ते योग्यच आहे. हे मोल पगारात मोजता येत नाही आणि मोजूही नये. पण याच शाहू महाराजांच्या धोरणाकडे नीट पाहिलं तर शाळा, वसतिगृहं आणि नोकरीतल्या राखीव जागा त्यात एकत्र दिसतात. शिकलेल्या माणसाला काम मिळालं नाही तर शिक्षणावरचा विश्वासच उडेल, ही जाण त्या धोरणात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ या सूत्रातही हाताचं काम आणि पुस्तक परस्परांच्या विरोधात नव्हतं. शिक्षणाचं मोठेपण सांगताना विद्यार्थ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न बाजूला सारणं या परंपरेला धरून नाही.

म्हणून निवड पदवी की कौशल्य अशी नाही. ज्या घराला थांबणं परवडत नाही, तिथल्या मुलाने आधी कमावता येईल असं काही हाती घ्यावं आणि पदवी त्याच्या जोडीने किंवा त्यानंतर मिळवावी. ज्याला सरकारी परीक्षा द्यायची आहे, त्याने किती वर्षं आणि किती प्रयत्न हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवावं, आणि त्या काळात कामाचा काही ना काही अनुभव घेत राहावं. कला, वाणिज्य, विज्ञान शाखेत जाणाऱ्याने प्रवेशाआधी कॉलेजला विचारावं, की मागच्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे काम करतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीतच उमेदवारी आणि प्रत्यक्ष कामाला श्रेयांक द्यायची वाट मोकळी केली आहे. ते श्रेयांक प्रमाणपत्रापुरते उरू नयेत यासाठी कॉलेज आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीने एकत्र बसायला हवं. कोल्हापूरइतकी यासाठी सोयीची जागा शोधूनही क्वचित सापडेल. इथे विद्यापीठ, तंत्रनिकेतन, आयटीआय आणि कारखाने तासाभराच्या अंतरात आहेत.

पदवी घेतल्याचा पश्चात्ताप कोणालाही करावा लागू नये. पण पदवी मिळाली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं घराने, कॉलेजने आणि शासनाने मानणं थांबायला हवं. पदवी आणि पगार यांच्यामधली वर्षं आज मुलाला एकट्याने सोसावी लागतात, आणि गरीब घरातला मुलगा ती सर्वांत जास्त सोसतो. ती वर्षं कमी करणं हाच पदवीची किंमत वाढवण्याचा खरा मार्ग आहे.