दरीच्या कलाने आखायचा दिवस

भारतातून अथेन्सला थेट विमानसेवेची घोषणा झाल्यापासून ग्रीस जवळ आल्यासारखा वाटत असला, तरी सांतोरिनी आणि मिकोनोस या बेटांपलीकडचा डोंगराळ ग्रीस मराठी प्रवाशाच्या बेतात अजूनही क्वचितच असतो. वायव्येकडील इपिरस प्रांतात, पिंडस पर्वतरांगेत झागोरी हा 46 गावांचा टापू आहे. युनेस्कोने सप्टेंबर 2023 मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत घेतले ते 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून, म्हणजे माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेला प्रदेश म्हणून.

अथेन्सपासून हा टापू चारशे किलोमीटरहून अधिक दूर असल्याने एका दिवसाच्या मोटारप्रवासासाठी मुक्काम योआनिना शहरातच हवा. गाडी भाड्याने घेण्यासाठी भारतीयांना आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, आणि तेथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावी लागते. खरी अडचण मात्र नकाशा पाहताना लक्षात येत नाही. झागोरीच्या मधोमध विकोस ही खोल दरी आहे, आणि तिच्या दोन काठांवरची ओक्सिया व बेलोई ही निरीक्षणस्थळे समोरासमोर असूनही एकीकडून दुसरीकडे जायचे तर वळणावळणाच्या रस्त्याने कित्येक गावांचा वळसा घ्यावा लागतो. गिनीज विक्रमांत या दरीची नोंद सुमारे 900 मीटर खोल आणि काठांमध्ये 1,100 मीटर रुंद अशी आहे. परंतु हा विक्रम खोली आणि रुंदी यांच्या प्रमाणाचा असल्याने 'जगातील सर्वांत खोल दरी' ही जाहिरात अर्धसत्यच म्हणावी लागते.

मोटार येथे उशिरा आली. व्रादेतो गावाला 1970च्या दशकापर्यंत दगडी पायऱ्यांचीच वाट होती, आणि किपी गावाजवळचे कमानी पूल पायी जाणाऱ्यांसाठी व खेचरांसाठी बांधलेले होते. त्यांपैकी कोक्कोरोस पूल 1750चा असून त्याचा खर्च एका स्थानिक धनिकाने उचलला, तर तीन कमानींचा प्लाकिदा पूल 1814 मध्ये एका मठाधिपतीच्या पुढाकाराने उभा राहिला.

तथापि पुलांपेक्षाही मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल ते गावांच्या माथ्यावरचे रान. योआनिना विद्यापीठाशी संबंधित संशोधक कल्लिओपी स्तारा आणि त्यांचे सहकारी यांनी झागोरीतील पवित्र वनांचा अभ्यास केला आहे. दरड आणि लोंढा गावावर येऊ नये म्हणून वरच्या उतारावरील झाडे राखली जात, आणि ती तोडणाऱ्यास चर्चमधून बहिष्कृत होण्याचे भय असे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांविषयी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या वनांविषयी, जे मांडले त्याच्याशी हे चित्र ताडून पाहण्याजोगे आहे: दोन्हीकडे वन टिकले ते सरकारी कुंपणामुळे नव्हे, तर श्रद्धेने आणि गावाच्या शिस्तीने. फरक असा की झागोरीत गावे ओस पडून शेती आणि चराई घटल्यावर आजूबाजूला आपोआप जंगल वाढले, त्यामुळे राखलेले रान कोठे संपते हे आता चटकन ओळखू येत नाही. जपणारी माणसे गेली तरी झाडे राहतात, पण त्यांच्यामागचा नियम विस्मरणात जातो, ही बाब देवरायांच्या संरक्षणाची चर्चा करणाऱ्यांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

दरीला घालावा लागणारा वळसा आणि पायी पाहण्याजोगी ही ठिकाणे लक्षात घेता एकाच दिवसात मध्य झागोरी आणि उत्तरेकडची पापिंगो ही जोड गावे दोन्ही उरकण्याचा मोह टाळलेला बरा. सकाळी किपीचे पूल, दुपारपर्यंत कापेसोवोमार्गे व्रादेतो आणि तेथून पायी बेलोई, परतताना वित्सा आणि मोनोदेंद्री एवढा बेत पुरेसा आहे. उजेड उरला तरच ओक्सिया. हिवाळ्यात बर्फामुळे चाकांना साखळ्या लागू शकतात, आणि इंधन योआनिनातच भरून निघणे शहाणपणाचे. पायी चालणाऱ्यांनी घडवलेला हा प्रदेश गाडीच्या काचेतून पाहण्याचा हट्ट धरणे म्हणजे वारसा यादीतील एका नावापुढे केवळ खूण करणे होय, आणि तेवढ्यासाठी इतका वळणांचा रस्ता तुडवण्याची गरज नाही.