गेमपॅडचा पैसा अंगठ्याखाली लागावा

हजार-दोन हजारांत चांगला गेमपॅड मिळतो. तो निवडताना खोक्यावरच्या रंगीत दिव्यांकडे पाहू नये, आतल्या स्टिक आणि ट्रिगरची चौकशी करावी.

घरात संगणक आला की महिन्याभरात गेमपॅडचा हट्ट सुरू होतो. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरच्या भनपुरीत हे घरोघरी दिसतं. ही कारखान्यांची वस्ती आहे. रोलिंग मिल, वाहतूकदारांची गोदामं, रात्रंदिवस ट्रकची ये-जा आणि पुढे उरला-सिलतऱ्याचे मोठे औद्योगिक पट्टे. रायपुरातल्या तात्यापाऱ्यात भोसल्यांच्या काळापासून मराठी वस्ती आहे, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. भनपुरीकडे मात्र पोटापाण्यासाठी विदर्भातून आलेली मराठी कुटुंबं भेटतात. पगार बेताचा, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि शाळेला सुट्टी. एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना संगणक घरी येतो आणि पोरं म्हणतात, ‘आता एक रिमोट घेऊन द्या.’

मग जयस्तंभ चौकातल्या रविभवनात किंवा मोबाइलवरच्या खरेदीच्या अ‍ॅपवर शोध सुरू होतो. चारशेपासून सहा हजारांपर्यंत गेमपॅड दिसतात. दिसायला सगळे सारखेच. इथेच पैसे पाण्यात जायची शक्यता सर्वांत जास्त. बेताच्या पगारातून काढलेले हे पैसे असतात, म्हणून आत काय आहे ते समजून घेतलेलं बरं.

आधी खेळ ठरवा

साध्या कीबोर्डवरची कळ दोनच गोष्टी सांगू शकते, दाबली आहे किंवा नाही. गाडी वळवायची तर चाक पूर्ण वळणार, नाहीतर सरळ राहणार. गेमपॅडवरची अंगठ्याने ढकलायची स्टिक किती वळली हेही सांगते. विंडोजवर स्टिकच्या प्रत्येक अक्षाची किंमत उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या पट्ट्यात मोजली जाते, तर्जनीखालच्या ट्रिगर बटणाचा दाब ० ते २५५ या पट्ट्यात. त्यामुळे अर्धा ब्रेक, किंचित वळण, हळू चाल हे सगळं शक्य होतं.

कार रेसिंग, फुटबॉल, कुस्ती-मारामारीचे खेळ, उड्या मारत पुढे जायचे खेळ यांत गेमपॅडचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ घ्या. धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी ही मुलगी भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन राक्षसांवर झेपावते. अशा खेळात दिशा अंगठ्याने देणं आणि वार दुसऱ्या अंगठ्याने करणं हेच सोयीचं. याउलट व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारखे नेमबाजीचे खेळ आणि डावपेचांचे खेळ माउसवरच चांगले चालतात. मुलगा दिवसभर तेच खेळत असेल तर गेमपॅडचे पैसे चांगल्या माउसवर खर्च करा.

विंडोजशी ओळख

स्वस्त गेमपॅडची पहिली रड म्हणजे संगणकाला तो दिसतो, पण खेळात चालत नाही. यामागे दोन पद्धती आहेत. मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत डायरेक्टइनपुट, नव्वदच्या दशकातली. तिच्यात कोणतं बटण काय करेल हे प्रत्येक खेळाला वेगळं सांगावं लागे. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टचाच एक्सबॉक्स ३६० हा गेमिंग कन्सोल आला आणि त्याच्यासोबत एक्सइनपुट ही नवी पद्धत आली. तिच्यात ए, बी, एक्स, वाय, दोन स्टिक, दोन ट्रिगर हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आजचे बहुतेक खेळ हीच पद्धत गृहीत धरतात, म्हणून पॅड जोडला की लगेच खेळता येतं.

चारशे-पाचशे रुपयांचे, प्लेस्टेशनसारखे दिसणारे पॅड बहुधा नुसते डायरेक्टइनपुटवर चालतात. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले खेळ असतील तर स्टीम मधे दुभाष्याचं काम करतं. बाहेरचे खेळ असतील तर दुसरं सॉफ्टवेअर टाकून खटपट करावी लागते. म्हणून खोक्यावर एक्सइनपुट लिहिलेलं आहे याची खात्री करूनच पुढे बोला. काही पॅडमध्ये दोन्ही पद्धती असतात आणि मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की एकीतून दुसरीत जाता येतं. नवा पॅड ‘चालत नाही’ म्हणून परत करण्याआधी हे करून पाहावं.

घरात प्लेस्टेशन ४ चा मूळ पॅड पडून असेल तर नव्याची घाई नको. २०१६ च्या अखेरीपासून स्टीम त्याला थेट ओळखतं.

स्टिक आपोआप का सरकते?

गेमपॅड मरतो तो बहुतेक वेळा स्टिकमुळे. अंगठा न लावताही खेळाडू एका बाजूला चालू लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. साध्या स्टिकच्या आत दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीत हाच भाग असायचा. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते आणि ती कुठे आहे त्यावरून विद्युतदाब बदलतो. रोजच्या घासण्याने पट्टी झिजते, कण साचतात, आणि स्टिक मध्यावर असतानाही वेगळाच आकडा जातो. जुन्या रेडिओची खुंटी फिरवताना होणारी खरखर याच कारणाने असते.

हा दोष काही काळ लपवता येतो. मधल्या भागातली हालचाल खेळ मोजतच नाही, त्याला डेडझोन म्हणतात. एक्सइनपुटमध्ये डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ७,८४९ आहे, म्हणजे पूर्ण पट्ट्याच्या जवळपास पाव हिस्सा. ड्रिफ्ट त्याहून वाढला की डेडझोनही वाढवावा लागतो आणि बारीक हालचालच हरवते. ज्यासाठी पॅड घेतला तेच गेलं.

यावरचा उपाय म्हणजे हॉल इफेक्ट स्टिक. वाहक पट्टीतून वीज वाहत असताना तिच्यावर चुंबकीय क्षेत्र आलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं. स्टिकच्या तळाशी छोटा चुंबक बसवला आणि शेजारी हे क्षेत्र मोजणारा सेन्सर ठेवला की घासणारं काहीच उरत नाही. कल्पना नवी नाही. सेगाने १९९८ मध्ये आपल्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या पॅडमध्ये ती वापरली होती. गेल्या काही वर्षांत ती स्वस्त पॅडमध्येही आली. तिचीच पुढची भावंडं म्हणजे टीएमआर स्टिक. त्या वीज कमी खातात, मोजमाप आणखी बारीक करतात.

आज बाजारात त्यामुळे एक उलटी गोष्ट दिसते. पाच हजारांच्या पुढे मिळणाऱ्या साध्या मूळ एक्सबॉक्स पॅडमध्ये आणि सोनीच्या ड्युअलसेन्समध्ये पोटेन्शिओमीटरच आहेत, तर दोन-अडीच हजारांच्या काही पॅडमध्ये हॉल स्टिक मिळतात. महाग पॅडची पकड, बटणं आणि बांधणी सरस असते यात शंका नाही. पण ड्रिफ्टच्या बाबतीत किंमत ही हमी राहिलेली नाही.

भनपुरीसारख्या ठिकाणी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा. इथली धूळ मातीची तशी लोखंडाचीही. गच्चीवरच्या काळ्या धुळीतून लोहचुंबक फिरवा, त्याला भुकटीच्या मिशा फुटतात. पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर धूळ बसली की झीज आणि ड्रिफ्ट दोन्ही लवकर येतात. हॉल स्टिकला घासण्याचं भय नसलं तरी आत चुंबक असल्याने लोखंडी भुकटीपासून तिलाही जपायला हवं. खेळून झालं की पॅड झिपच्या पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवणं, एवढ्या सवयीने त्याचं आयुष्य वाढतं.

वायर की वायरलेस?

बजेट कमी असेल तर वायरवालाच घ्या. बॅटरी, चार्जिंग आणि रेडिओचा खर्च वाचतो, तो स्टिककडे वळतो. शिवाय पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, वायरवाल्याला ती चिंताच नाही. फक्त वायर सुटी होणारी, टाइप-सी असावी. पॅडमध्ये कायमची बसवलेली वायर मुळाशी वाकून तुटते आणि दीडशेच्या वायरपायी सगळा पॅड अडकून पडतो.

वायरलेस हवाच असेल तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला घ्या. ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा ब्लूटूथ नसतंच. डोंगल लोखंडी कॅबिनेटच्या मागे लावू नका. यूएसबी ३ च्या पोर्टमधून याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट होतो आणि पॅड मधेच तुटतो. पुढच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरवर डोंगल लावला की बहुतेक तक्रारी मिटतात.

दुकानातली पाच मिनिटं

ओळखीचं दुकान असेल तर पॅड तिथेच जोडून पाहा. ऑनलाइन मागवला असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी पाहा. विंडोजच्या शोधपट्टीत ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ शोधा आणि ‘प्रॉपर्टीज’ उघडा. एका चौकोनात छोटी फुली दिसेल, ती म्हणजे डावी स्टिक.

स्टिक चारही बाजूंना झटक्याने ढकलून सोडा. फुली दर वेळी त्याच मध्यावर आली पाहिजे. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर स्प्रिंग किंवा सेन्सर कच्चा आहे. मग अंगठ्याने स्टिक कडेकडेने गोल फिरवा. फुली चौकोनाच्या चारही कडांपर्यंत पोचते का ते पाहा. उजव्या स्टिकचंही असंच करा, ती फुलीऐवजी वेगळ्या पट्ट्यांवर दिसते.

आता ट्रिगर अगदी हळू दाबा. पट्टी हळूहळू सरकली तर ट्रिगर अ‍ॅनालॉग आहे, एकदम टोकाला उडाली तर तो साधा स्विच आहे आणि रेसिंगसाठी निरुपयोगी आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, एक्सइनपुट पॅडचे दोन्ही ट्रिगर या खिडकीत एकाच पट्टीवर दिसतात. एक दाबला की पट्टी एका बाजूला जाते, दुसरा दाबला की उलट बाजूला, आणि दोन्ही एकत्र दाबले की मध्यावर येते. हा बिघाड नाही, ही खिडकीच तशी आहे.

शेवटी दिशांचं अधिक चिन्हाचं बटण. मारामारीच्या खेळांत तिरक्या दिशा लागतात. नुसतं खाली दाबताना बाजूची दिशाही लागत असेल तर खेळ हातचा जातो.

खोक्यावर ‘हॉल इफेक्ट’ असं मोठ्या अक्षरांत असेल तर बारीक अक्षरंही वाचा. काही पॅडमध्ये नुसते ट्रिगर हॉलचे असतात, स्टिक जुन्याच. आपल्याला शब्द हवेत ते ‘हॉल इफेक्ट जॉयस्टिक’.

किती पैशांत काय

भाव हलते असतात, पण अंदाज असा. पाचशेच्या आतला पॅड घेऊच नये. हजार-दीड हजारांत रेडगिअर, कॉस्मिक बाइट, एव्होफॉक्स, अँट एस्पोर्ट्स अशा इथे सहज मिळणाऱ्या ब्रँडचे वायरवाले एक्सइनपुट पॅड येतात. अ‍ॅनालॉग ट्रिगर तपासून घेतला तर आठवड्याला चार-सहा तास खेळणाऱ्याला ते पुरतात. दीड ते अडीच हजारांत हॉल स्टिकवाले पर्याय सुरू होतात, त्यात एटबिटडू आणि गेमसर ही चिनी नावंही आहेत. एकाच ब्रँडचं एक मॉडेल हॉलचं तर दुसरं साधं असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका, मॉडेलचं वर्णन वाचा.

हिशेब वर्षांचा करा. नऊशेचा पॅड समजा सहा महिन्यांत सरकू लागला आणि दुसरा घेतला, तर वर्षाचे अठराशे झाले. तेवढ्यात हॉलचा वायरवाला एकदाच येतो. घरात दोन भावंडं असतील तर एका महागड्या पॅडपेक्षा दोन साधे घेणं शहाणपणाचं. फुटबॉल आणि मारामारीचे खेळ एकाच पडद्यावर दोघांनी खेळावेत असेच बनवलेले असतात. भांडण मिटतं आणि पैसाही दुप्पट वसूल होतो.

पक्कं बिल मागून घ्या. वॉरंटी कोण देणार, दुकानदार की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, हे बिलावर लिहून घ्या. वॉरंटी असूनही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. वॉरंटी संपल्यावर स्टिक गेली तरी पॅड फेकू नका. स्टिकचा सुटा भाग स्वस्तात मिळतो. तो साधारण चौदा ठिकाणी सोल्डर केलेला असतो, मोबाइल दुरुस्त करणारा कुशल कारागीर तो बदलून देऊ शकतो.

बेताच्या पगाराच्या घरातल्या मुलालाही खेळायला नीट साधन मिळालं पाहिजे. त्याचा डाव त्याच्या चुकीने जावा, सरकणाऱ्या स्टिकमुळे नव्हे. म्हणून दिवे, कंपनांचे दावे, चकचकीत रंग यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. एक्सइनपुट, हॉलची स्टिक, हळू दाबला जाणारा ट्रिगर आणि सुटी होणारी वायर, या चार गोष्टी ज्या पॅडमध्ये सर्वांत कमी पैशांत मिळतील तो घेऊन टाका.