पुन्हा पहिल्या दिवसाकडे : ब्लॅक सॅबथ आणि '१३'

एखादा जुना रॉक बँड बऱ्याच वर्षांनी नवा अल्बम काढतो, तेव्हा त्याच्याविषयी एक वाक्य हमखास वाचायला मिळते : 'हा बँड आपल्या मूळ ध्वनीकडे परतला आहे.' हे वाक्य वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, की मूळ ध्वनी म्हणजे नेमके काय? वाद्ये तीच, माणसे तीच, स्वर तेच, एवढ्याने तो परत येतो का? या प्रश्नाचा माग काढायला इंग्लंडच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा २०१३ सालचा '१३' हा अल्बम फार उपयोगी पडतो. तिथे परतण्याचा प्रयत्न उघडपणे, ठरवून केला गेला. आणि जिथे परतायचे होते ती जागाही नेमकी ठाऊक आहे.

ती जागा म्हणजे लंडनच्या एका स्टुडिओतला १९६९ च्या ऑक्टोबरमधला एक दिवस. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीत वाढलेल्या चार तरुणांनी त्या एका दिवसात आपला पहिला अल्बम जवळजवळ सगळा वाजवून टाकला. गायक ओझी ऑझबॉर्न, गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर आणि ड्रमवर बिल वॉर्ड. पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे असल्यामुळे रंगमंचावर जसे वाजवत तसेच त्यांनी ते वाजवले. १९७० च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला आणि पुढे 'हेवी मेटल' म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीतप्रकाराचा उगम बहुतेक अभ्यासक तिथेच मानतात.

या ध्वनीची घडण समजून घेण्यासाठी आयोमीच्या हाताकडे पाहावे लागते. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका हाच होता. कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत हात भाजून दोन बोटे निकामी झालेला हा माणूस जॅझमधला थोर वादक ठरला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले आणि पातळ तारा लावून पुन्हा वाजवायला सुरुवात केली. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमसाठी त्याने तारा दीड स्वराने उतरवल्या. सैल तारा दाबायला सोप्या जात आणि त्यातून निघणारा नाद अधिक खोल, अधिक जड होई. ज्याला आपण या बँडचा भारदस्तपणा म्हणतो, त्यातला मोठा भाग एका जखमी हाताने शोधलेल्या सोयीतून आलेला आहे.

दुसरी गोष्ट स्वरांची. पहिल्या अल्बमचे पहिले गाणे पाऊस, मेघगर्जना आणि दूरच्या घंटेने सुरू होते आणि मग गिटारवर तीनच स्वर येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, त्याचा वरच्या सप्तकातला षड्ज आणि मग तीव्र मध्यम, तोही कंप देत लांबवलेला. पाश्चात्त्य कानाला हे अंतर अस्वस्थ करणारे वाटते. आपल्याकडे यमनात तीव्र मध्यम किती प्रसन्न वाटतो! तिथे त्याला गंधार, पंचम, निषादाची संगत असते. इथे तो षड्जासमोर एकटाच उभा केला आहे. तिसरी गोष्ट लयीची. वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला. त्याचा ठेका मात्रेवर काटेकोर आदळत नाही, किंचित मागेपुढे झुलत राहतो. बटलरही या बँडआधी बास वाजवत नव्हता, गिटार वाजवत होता, म्हणून त्याचा बास आयोमीच्या बोटांबरोबर सावलीसारखा फिरतो. इतके जड संगीत कुठेही दगडासारखे बसत नाही, याचे श्रेय मी या दोघांना देतो.

ऑझबॉर्नसह या बँडचा आठवा स्टुडिओ अल्बम १९७८ चा. १९७९ मध्ये त्याला बँडमधून काढण्यात आले. नंतर गायक बदलत गेले, आयोमी मात्र टिकून राहिला. चौघे मधूनमधून रंगमंचावर एकत्र आले, पण पूर्ण अल्बम काही झाला नाही. शेवटी २०११ च्या ११ नोव्हेंबरला त्यांनी तो जाहीर केला आणि निर्माता म्हणून रिक रुबिन आला. रुबिनने या वयस्क मंडळींना त्यांचाच पहिला अल्बम ऐकवला आणि हेवी मेटल ही कल्पनाच डोक्यातून काढून टाकायला सांगितले. मला ही सूचना फार मार्मिक वाटते. १९६९ च्या त्या दिवशी या चौघांना आपण कोणता प्रकार जन्माला घालतो आहोत हे माहीत नव्हते. ते आपल्या परीने ब्लूज वाजवत होते. पण माहीत असलेली गोष्ट ठरवून विसरायची कशी?

त्यातच दोन घाव बसले. २०१२ च्या सुरुवातीला आयोमीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. उपचारांच्या वेळापत्रकाप्रमाणे कामाची आखणी करावी लागली. पुढच्याच महिन्यात कराराच्या अटी मान्य नसल्याचे वॉर्डने जाहीर केले आणि अखेर तो या अल्बममध्ये आला नाही. त्याच्या जागी 'रेज अगेन्स्ट द मशीन' या अमेरिकन बँडचा ब्रॅड विल्क वाजवायला बसला.

पहिला अल्बम आणि '१३' मी एकामागून एक अनेकदा ऐकले. जे परत आले ते आयोमीच्या हातातून आले. संथ, ओढत नेणारे आरंभ, मध्येच बदलणारी गती, रिफचे वजन, सगळे ओळखीचे आहे. बटलरची सावलीही तशीच आहे. एका गाण्यात शांत गिटार आणि हाताने वाजवलेली तालवाद्ये आहेत. १९७० च्या दुसऱ्या अल्बममधल्या अशाच एका गाण्याची आठवण ते करून देते. जे परत आले नाही ते मुख्यतः ठेक्यातले झुलणे. विल्क चोख वाजवतो, त्याच्याकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही. पण वॉर्डचा सैलपणा चार माणसांच्या वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेला होता. ध्वनिमुद्रणाचा फरकही कानाला जाणवतो. या अल्बममध्ये हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर फार दाबून सगळेच एका मोठ्या पातळीवर आणले आहे, अशी टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. पहिल्या अल्बममध्ये वाद्यांभोवती खोलीतली हवा ऐकू येते. इथे ती जागा भरून टाकली आहे.

तरीही या अल्बमला स्वतःची नक्कल म्हणायला मी तयार नाही. ख्यालात गायक विस्तार करून मुखड्यावर परततो, तेव्हा शब्द आणि स्वर तेच असतात, पण मधल्या विस्ताराचा भार त्यावर असतो. '१३' मधले मृत्यूचे विषय साठी ओलांडलेली, त्यातही एक जण कर्करोगावर उपचार घेणारी माणसे वाजवत आहेत. विशीत जी भीती भयपटातून उसनी आणता येत होती, ती आता घरात येऊन बसली होती. अल्बमच्या अखेरीस पाऊस, मेघगर्जना आणि घंटा पुन्हा ऐकू येतात. श्रोत्यांनीही हे परतणे स्वीकारले : ब्रिटनमध्ये १९७० नंतर प्रथमच आणि अमेरिकेत तर पहिल्यांदाच त्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

पुढे ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर या बँडने अखेरचा कार्यक्रम केला. या वेळी ड्रमवर वॉर्ड होता. पार्किन्सनने ग्रासलेला ऑझबॉर्न सिंहासनावर बसून गायला. चारच गाणी झाली आणि चारही १९७० सालच्या अल्बममधली होती. '१३' मधले एकही नव्हते. सतरा दिवसांनी ऑझबॉर्न गेला. त्या दिवशी आवाज थकलेला होता, हात म्हातारे झाले होते, पण ठेका वॉर्डचा होता. '१३' ने इतक्या कष्टाने जे शोधले, त्यातला राहून गेलेला भाग चौघे एकत्र उभे राहिल्यावर थोडा वेळ का होईना, त्यांच्या गावात ऐकू आला.