मेंदूचा आजार, माणसाचा मान

1811 साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात एका मनोरुग्ण तरुणीला पोत्यात घालून बांधून ठेवलं गेलं आणि त्या पोत्यातच तिचा जीव गेला. कुणी सूड उगवला नव्हता. तिच्यावर उपचार चालू होते. तिथला डॉक्टर एर्न्स्ट हॉर्न हा आपल्या विषयातला जाणकार समजला जाई. रुग्णाला गरगर फिरवणारं यंत्र, डोक्यावर ओतलं जाणारं गार पाणी, हातपाय जखडणारे पट्टे ही त्याची नेहमीची साधनं. प्रकरण कोर्टात गेलं आणि हॉर्न निर्दोष सुटला.

त्या काळातल्या जर्मनीत मनाच्या आजाराबद्दल दोन तट पडले होते. हाले शहरातल्या योहान क्रिस्टियान राइल यानं 1808 मध्ये ‘सायकियाट्री’ हे नाव रूढ केलं, पण आजार नेमका कुठे असतो याचा निकाल लागलेला नव्हता. लाइपझिगचा प्राध्यापक हाइनरोथ याच्या मते वेडाचं मूळ आत्म्यात आणि पापात होतं. समोरचा गट म्हणे, आत्मा आजारी पडत नाही, शरीर पडतं. हा वाद ऐन भरात असताना, 29 जुलै 1817 रोजी, स्टुटगार्टमध्ये विल्हेल्म ग्रीझिंगर जन्मला. पुढे याच माणसानं या शास्त्राची दिशा बदलली.

दोन वर्षांची पुंजी

ग्रीझिंगर मुळातच बंडखोर. ट्यूबिंगेनला वैद्यक शिकताना विद्यार्थ्यांच्या राजकारणात पडला, विद्यापीठाची खप्पामर्जी ओढवून घेतली आणि झुरिकला गेला. 1838 मध्ये पदवी मिळाली. मग पॅरिसची वारी झाली, थोडे दिवस खासगी दवाखाना चालवून झाला आणि 1840 मध्ये तो व्हिनेनथालच्या मनोरुग्णालयात आल्बर्ट त्सेलर याच्या हाताखाली दाखल झाला. तिथे तो दोनच वर्षं होता. पण त्या पुंजीवर त्यानं 1845 मध्ये मानसिक आजारांचं निदान आणि उपचार यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचं वय जेमतेम 28 होतं.

ग्रंथाची सुरुवातच थेट आहे. लक्षणं मनाची असली, तरी आजारी कोणता अवयव आहे? ग्रीझिंगरचं उत्तर : मेंदू. शरीरशास्त्र आणि रोगनिदानाचा अनुभव दुसऱ्या कोणत्याही अवयवाकडे बोट दाखवत नाही. एवढ्या एका भूमिकेनं वेड हा पापाचा, शापाचा आणि चारित्र्याचा विषय राहिला नाही. तो डॉक्टरच्या अखत्यारीत आला.

तरीही माणूस म्हणजे निव्वळ मेंदूचा गोळा, असं त्यानं कधी म्हटलं नाही. दुःख, अपमान, उपासमार, दारू, घरातली ओढाताण यांचा आजाराशी असलेला संबंध त्यानं बारकाईनं मांडला. ‘मी’ ही जाणीव कशी घडते आणि आजारात ती कशी विस्कटते, यावर त्यानं पानंच्या पानं लिहिली. स्वप्नात आणि वेडात माणसाच्या अपुऱ्या इच्छा पुऱ्या होताना दिसतात, हे त्याचं निरीक्षण. फ्रॉइडनं 1900 च्या स्वप्नांवरच्या ग्रंथात त्याचा नावानिशी उल्लेख केला आहे.

कैरोतला शवविच्छेदनाचा टेबल

1850 मध्ये ग्रीझिंगर इजिप्तला गेला. कैरोच्या वैद्यकीय शाळेचा प्रमुख आणि राज्यकर्ता अब्बास पाशा याचा खासगी डॉक्टर, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्याकडे होती. थिओडोर बिल्हार्झ हा तरुण सहकारी त्याच्याबरोबर होता. रक्तात राहणाऱ्या ज्या परजीवी कृमीमुळे बिल्हार्झिया होतो, तो याच बिल्हार्झनं 1851 मध्ये शोधला.

इजिप्तमध्ये तेव्हा असंख्य माणसं पांढरीफटक पडून, धापा टाकत मरत. कारण कुणाला उमगत नव्हतं. 1852 मध्ये अशाच एका सैनिकाचं शवविच्छेदन ग्रीझिंगरनं केलं. लहान आतड्याचा वरचा भाग उघडला, तर आत हजारो बारीक कृमी चिकटलेले. प्रत्येकानं चावा घेतलेल्या जागी रक्ताचा ठिपका, आणि आतड्यात रक्तच रक्त. हे कृमी रोज थोडं थोडं रक्त पितात आणि माणूस त्यानंच खंगतो, हा निष्कर्ष त्यानं 1854 मध्ये प्रसिद्ध केला. अंकुशकृमी आणि पंडुरोग यांचं नातं असं उजेडात आलं. लक्षणांच्या वर्णनावर न थांबता कारणापर्यंत जायचं, ही त्याची रीत इथे स्पष्ट दिसते. मनोरुग्णांच्या बाबतीतही तो तीच रीत वापरत होता.

गावाबाहेर नको, शहरात हवं

परतल्यावर तो ट्यूबिंगेनला प्राध्यापक झाला, मारियाबेर्गच्या मतिमंद मुलांच्या संस्थेचं वैद्यकीय काम त्यानं पाहिलं आणि 1860 मध्ये झुरिक गाठलं. तिथल्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाच्या आखणीत त्याचा मोठा वाटा होता. पुढे ब्लॉयलर आणि युंग यांच्यामुळे जगभर गाजलेली संस्था ती हीच.

1861 मध्ये ग्रंथाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. इंग्लंडमध्ये हॅनवेलच्या रुग्णालयात जॉन कॉनलीनं 1839 पासून रुग्णांना बांधणं बंद केलं होतं. ग्रीझिंगरनं या आवृत्तीत त्या पद्धतीची ठाम बाजू घेतली. 1865 मध्ये तो शारिटेत आला आणि जिथे त्या तरुणीचा बळी गेला होता, त्याच रुग्णालयात त्यानं पट्टे आणि सक्तीचे पोशाख हद्दपार केले. शेजारीच मज्जाविकारांचा विभाग सुरू करून दोन्ही विषय एकत्र शिकवायला घेतले. 1867 मध्ये त्यानं मानसिक आणि मज्जासंस्थेच्या आजारांसाठी स्वतंत्र नियतकालिक काढलं.

त्याच नियतकालिकात त्यानं आपली योजना मांडली आणि वादळ उठलं. जर्मनीतली बहुतेक मनोरुग्णालयं शहरापासून दूर, निसर्गरम्य जागी बांधलेली असत. ग्रीझिंगरचं म्हणणं असं की नव्यानं आजारी पडलेल्या माणसाला शहरातच, छोट्या रुग्णालयात, थोड्या मुदतीसाठी ठेवावं. दाखल होणं सोपं असावं, नातेवाइकांना भेटायला येता यावं, विद्यार्थ्यांना शिकता यावं. ज्यांचा आजार लांबतो, त्यांच्यासाठी शेतीच्या वसाहती असाव्यात आणि बेल्जियममधल्या गील गावासारखं कुटुंबांत राहण्याची सोय व्हावी.

दूरच्या संस्थांचे प्रमुख खवळले. हाइनरिश लेअर त्यांचा म्होरक्या. ही प्रगती नसून पीछेहाट आहे, असा त्यांचा आरोप. ग्रीझिंगरला उत्तर द्यायला फारसा वेळ मिळाला नाही. अपेंडिक्सच्या दाहातून गुंतागुंत वाढली आणि 26 ऑक्टोबर 1868 रोजी, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी तो गेला. शारिटेत त्याची जागा कार्ल वेस्टफालनं घेतली. शहरातल्या रुग्णालयांची योजना मात्र बासनात गेली.

अर्धाच वारसा

पुढच्या पिढ्यांनी त्याचा मेंदूचा सिद्धांत उचलला आणि दुसरा अर्धा भाग सोडून दिला. प्रयोगशाळांमध्ये मेंदूचे काप तपासले जात होते आणि रुग्ण दूरच्या अवाढव्य संस्थांत समाजाच्या नजरेआड राहत होते. त्याची भीषण किंमत 1940 मध्ये चुकवावी लागली. नाझी राजवटीनं ग्राफेनेक इथे 10,000 हून अधिक मनोरुग्ण आणि अपंगांना विषारी वायूनं मारलं. त्यांत व्हिनेनथालमधले रुग्ण होते आणि मारियाबेर्गमधलेही. ज्या दोन संस्थांत ग्रीझिंगरनं रुग्णांची सेवा केली, तिथूनच त्यांना गाड्यांत भरून नेण्यात आलं.

1975 मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं मनोरुग्णांच्या स्थितीवर सविस्तर अहवाल दिला. उपचार घराजवळ मिळावेत, सर्वसाधारण रुग्णालयांत मानसोपचाराचे विभाग असावेत, शरीराच्या आणि मनाच्या रुग्णांत भेदभाव नसावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. ग्रीझिंगरनं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे मागितलं होतं, त्याच्याशी या शिफारशी किती जुळतात!

ग्रीझिंगरची ओळख आज बहुधा ‘मनाचे आजार हे मेंदूचे आजार’ या एका सूत्रापुरती उरली आहे. पण त्याच्या लेखी हे सूत्र म्हणजे रुग्णाच्या हक्काचा पाया होता. आजार इतर आजारांसारखा असेल, तर रुग्णालाही इतर रुग्णांसारखं वागवलं पाहिजे : बांधून न ठेवता, दूर न लोटता, आपल्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर. मेंदूचं संशोधन कितीही पुढे गेलं, तरी हा दुसरा भाग सोडला तर त्याचा विचार आपल्याला समजलाच नाही, असं म्हणावं लागेल.