उत्पन्नाची वाटणी : संघमालक आणि खेळाडू

प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो ते खेळाडूंचा खेळ पाहण्यासाठी. पण ते जमा होतात संघमालकाच्या तिजोरीत. त्यांतील किती वाटा खेळाडूंना मिळावा, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत दीर्घकाळ मालकांनीच परस्पर देऊन टाकले होते. प्रत्येक संघाने राखून ठेवलेल्या पाच खेळाडूंना इतर संघांनी हात लावू नये, असा संकेत बेसबॉलच्या संघमालकांनी १८७९ साली ठरविला. पुढे तो बहुतेक सर्वच खेळाडूंना लागू झाला. करार संपला तरी खेळाडूची सुटका नसे. देऊ केलेले वेतन पत्करावे, नाहीतर खेळ सोडावा. ही बेडी १९७५ साली एका लवादाच्या निर्णयाने तुटली. बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसन या विख्यात खेळाडूच्या नावे १९७० साली गुदरलेल्या दाव्यात १९७६ साली तडजोड झाली, आणि दुसऱ्या संघाकडे जाण्याची वाट तेथेही हळूहळू मोकळी होऊ लागली.

वाट मोकळी होताच वेतने वाढली आणि मालक धास्तावले. त्यातून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचे संघमालक व खेळाडूंची संघटना यांच्यात १९८३ साली करार झाला. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. १९८४-८५ च्या हंगामासाठी ती ३६ लाख डॉलर होती. त्याच्या मोबदल्यात एकंदर उत्पन्नाच्या ५३ टक्के हिश्श्याची खेळाडूंना हमी मिळाली. हा हिस्सा नफ्याचा नव्हे, उत्पन्नाचा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. नफा किती झाला हे मालकाच्या वह्या सांगणार, आणि खेळाडूंचा त्या वह्यांवर विश्वास असण्याचे काही कारण नव्हते.

तथापि ‘उत्पन्न’ म्हणजे काय, हा वाद राहिलाच. तिकिटे व दूरचित्रवाणीचे हक्क यांचे पैसे त्यात धरले जातात. क्रीडागृहाला एखाद्या कंपनीचे नाव दिल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेचा मात्र काही भागच हिशेबात येतो. नव्या संघाने प्रवेशासाठी भरलेले शुल्क त्यात येत नाही; संघ विकून मालकाला होणारा लाभही येत नाही, आणि खरी संपत्ती तर बहुधा तेथेच साठते.

हंगाम संपण्यापूर्वी उत्पन्नाचा नेमका आकडा कळत नाही. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या वेतनातील काही भाग अनामत ठेवण्याची पद्धत पुढे आली. वेतनांची बेरीज ठरलेल्या हिश्श्याहून अधिक भरली, तर जादा रक्कम या अनामतीतून मालकांकडे जाते. कमी भरली, तर मालक तूट भरून देतात.

२००५ च्या करारात खेळाडूंचा हिस्सा ५७ टक्के होता. तोटा होत असल्याचे सांगत मालकांनी १ जुलै २०११ रोजी टाळेबंदी पुकारली. ती डिसेंबरात उठली तेव्हा प्रत्येक संघाचे सामने ८२ वरून ६६ वर आले होते आणि खेळाडूंचा हिस्सा ४९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान ठरला होता. मालकांना घाई नव्हती. खेळाडूचे उमेदीचे दिवस मात्र मोजकेच असतात, आणि बुडालेला पगार त्याला पुन्हा कधीच मिळत नाही.