एका हुक्क्याचा जीर्णोद्धार

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवर उभे राहून ही दोन गावे एकमेकांवर गोटे फेकतात, आणि त्या गोटमारीच्या निमित्ताने वर्षातून एकदा सावरगावचे नाव वर्तमानपत्रांत झळकते. एरवी संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेते यांत गुंतलेल्या या मराठी मुलखाची विचारपूस करण्यास नागपूर आणि भोपाळ या दोन्ही राजधान्यांना सहसा सवड नसते. या सावरगावात एके काळी मालगुजारी असलेल्या एका घरी, माळ्यावरून उतरवलेले एक जुने बारदान माझ्यापुढे रिकामे करण्यात आले. आतून निघाले ते असे: काळ्या धातूचे, घंटेच्या आकाराचे एक भांडे, उभी चीर गेलेला लाकडी नेचा (भांड्यावर उभी राहून चिलीम पेलणारी पोकळ दांडी), उंदरांनी कुरतडलेली एक लांब लवचिक नळी, दोन तुकडे झालेली मातीची चिलीम, आणि पितळेची एक मोहनाळ, म्हणजे नळीचे तोंडात धरायचे टोक. घरधनी किंचित संकोचून म्हणाले, "कायले ठेवलं होतं कोन जाने, पन फेकवत नाही जी."

मालगुजारी १९५१ साली गेली आणि तिच्यामागोमाग कचेरी, दप्तर, दिवाणखान्यातली लोड-तक्क्यांची बैठक हेही गेले. हुक्का तेवढा माळ्यावर चढून बसला. त्या काळी अशा बैठकीत हुक्का हा केवळ व्यसनाचा विषय नसून दर्जाचा विषय होता. इंग्रज अंमलदारांनाही त्याची एवढी चट लागली की १७७९ साली कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या मेजवानीचे निमंत्रण गेले, त्यात पाहुण्यांनी हुक्का सांभाळणाऱ्या हुक्केबरदाराखेरीज दुसरा नोकर बरोबर आणू नये अशी विनंती होती. मूळ तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. आदिलशाही विजापुरात तिची चलती पाहून असद बेग नावाच्या मोगल सरदाराने सतराव्या शतकाच्या आरंभी ती अकबरापुढे नेली, आणि बादशहाने दोन-चार झुरके घेताच दरबारी हकिमाने हरकत घेतली. जहांगिराने १६१७ साली तंबाखूची मनाई केली. ते फर्मान किती पाळले गेले, हे त्यानंतर घडलेल्या हुक्क्यांच्या संख्येवरूनच समजावे.

हुक्का दुरुस्त करावयाचा तर प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती ही की तो एका कारागिराचा नग नव्हे. भांडे ओतारी किंवा कासार घडवी, नेचा कातारी कातून देई, चिलीम कुंभाराच्या चाकावरून येई, आणि नळी बांधणाऱ्यांचा तर स्वतंत्रच धंदा होता. म्हणून 'हुक्का मोडला' या तक्रारीला एक उत्तर नसते. मी स्वतःपुरता एक नियम ठरविला आहे: मोडलेल्या भागाचा संबंध विस्तवाशी येतो, पाण्याशी येतो की श्वासाशी येतो, हे आधी पाहावे. ज्याचा संबंध केवळ पाण्याशी आहे तो भाग सांधता येतो. विस्तव आणि श्वास यांच्या वाटेवर जे येते ते मोडल्यास बहुधा बदलावेच लागते, आणि तेथे काटकसर करणे हा शहाणपणा नव्हे.

भांड्यापासून प्रारंभ करू. सावरगावचे भांडे बिदरी कामाचे होते. सोळा भाग जस्तात सुमारे एक भाग तांबे मिसळून ओतलेले, त्यावर नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकलेली, आणि शेवटी नवसागर व बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती यांच्या मिश्रणाने काळे केलेले. त्या मिश्रणाची करामत अशी की जस्त काळेभोर होते आणि चांदी मात्र जशीच्या तशी शुभ्र राहते. लखनौ आणि मुर्शिदाबाद येथेही असले काम होत असे. तथापि हे भांडे बिदरचेच असावे असे मानण्याचा मोह मला आवरला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, सावरगाव मध्यप्रदेशात राहिले, आणि त्याच दिवशी बिदर म्हैसूर राज्यास जोडले गेले. भांडे आणि ते जपणारे घर, दोघांनाही एकाच तारखेला नवा पत्ता मिळाला म्हणावयाचा.

पण हा विषयांतराचा दोष झाला. बिदरी भांड्याचे सर्वांत मोठे शत्रू म्हणजे घरातली सुगृहिणी आणि बाजारातला वेल्डर. पहिली त्यास पितळेचे समजून चिंच आणि राख लावते. आम्लाने जस्त खाल्ले जाते, काळा रंग उतरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शोभा अर्ध्या घटकेत मोरीत वाहून जाते. दुसरा त्यावर सरळ ज्योत धरतो. जस्त सुमारे ४१९ अंशांवर वितळते, आणि वेल्डरची ज्योत त्याच्या कितीतरी पलीकडची असल्यामुळे सांधा होण्याऐवजी भोक पडते. शिवाय जास्त तापलेल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो, हे पितळ वितळविणाऱ्या कारागिरांना ठाऊक असते. असल्या भांड्यास कोरडे मऊ फडके आणि खोबरेल तेलाचा हलका हात एवढेच पुरे. आमच्या भांड्यात रात्रभर पाणी भरून ते कागदावर ठेवले. सकाळी कागद कोरडा निघाला, तेव्हा त्याला हात लावण्याचे कारणच उरले नाही. जुन्या बिदरीत पुष्कळदा शिसेही असते, म्हणून त्यातले पाणी कोणी तोंडाला लावू नये, आणि मुलांच्या हाती तर देऊच नये. हल्लीच्या हुक्क्यांचे भांडे काचेचे असते. त्याला तडा गेला की त्याचा निरोप घ्यावा. चिकटवलेली काच रिकामी असताना शाबूत दिसते, पण वरून ऊब आणि आतून थंड पाणी मिळाले की जुन्याच रेषेवर फुटते.

नेच्याची चीर पाहून मला प्रथम वाईट वाटले, परंतु ती वरवरची होती. लाकूड वर्षानुवर्षे कोरडे पडले की आक्रसते आणि सांधे सैल होतात. पूर्वी सांध्यावर सुती दोरा घट्ट गुंडाळून त्याला मेण चोळीत. आज रबराचे वायसर मिळतात. आम्ही दोराच वापरला. त्याचा गुण असा की चुकले तर उलगडता येते. एम-सील किंवा फेविक्विक लावून बसविलेला सांधा मात्र पुन्हा उघडत नाही, आतून धुता येत नाही, आणि चिलमीलगतच्या भागात तापून ते द्रव्य मऊ पडते व त्याची वाफ थेट ओढणाऱ्याच्या छातीत उतरते. धातूच्या नळीस डाख देतानाही हाच विचार करावा. कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो; खाली पाण्याजवळ तो चालेल, वर अंगाराखाली चालणार नाही.

चिलीम मोडली तर ती सांधण्याचा विचारही करू नये. कुंभाराकडची साधी, रंग वा झिलई नसलेली नवी चिलीम घ्यावी, कारण भडक झिलईत काय कालवले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. गंमत अशी की लोक चिलमीला जपतात आणि सरपोशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सरपोश म्हणजे चिलमीवरचे जाळीदार टोपण, बहुधा साखळीने बांधलेले. सावरगावच्या बारदानात तो नव्हताच. साखळीचे दोन दुवे मात्र होते. पुष्कळांची समजूत अशी की ते एक शोभेचे झाकण. वस्तुतः सबंध हुक्क्यात आगीपासून घराचा बचाव करणारा तोच एक भाग आहे. मुंबईच्या कमला मिल आवारात २०१७ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस लागलेल्या आगीत १४ माणसे दगावली. हुक्क्याच्या कोळशाची ठिणगी उडून पडदे पेटले असावेत असा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या चौकशीत निघाला. त्यानंतर २०१८ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्कागृहे बंद केली, आणि पुढे मध्यप्रदेशानेही तोच मार्ग धरला. तेव्हा कोणी मला विचारलेच की सर्वांत आधी कोणता भाग नवा करावा, तर मी सरपोशाचे नाव घेईन.

उंदरांनी खाल्लेली नळी, जिला जाणते लोक सटक म्हणत, उलगडून पाहिली तेव्हा तिच्या पोटात तारेचे वेटोळे, त्यावर सालीचे पातळ पदर आणि वर कापड निघाले. ते साल भूर्जपत्राचे. ज्यावर हिमालयाच्या परिसरात पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच झाडाची साल हुक्क्याच्या नळ्यांच्या अस्तरासाठी वापरली जात असे, हे वाचले होते. हाताला लागले ते त्या दिवशी. परंतु तार गंजली होती आणि आतला मळ धुण्याची सोयच नव्हती, कारण पाणी लागताच साल आणि कापड दोन्ही कुजतात. अशी सटक जतन करावी, तोंडाला लावू नये. वापरायचीच असेल तर सिलिकॉनची, धुता येणारी नळी घ्यावी, आणि मोहनाळ प्रत्येकाची निराळी ठेवावी. एकच मोहनाळ बैठकभर फिरविल्याने क्षयाची लागण झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

येथे एक भाबडी समजूतही दुरुस्त करणे प्राप्त आहे. पाण्यातून गाळून येतो म्हणून हुक्क्याचा धूर निरुपद्रवी, असे आपल्याकडे वाडवडिलांपासून सांगितले जाते. पाणी धूर थंड करते. शुद्ध करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली काढलेल्या टिपणाप्रमाणे सिगारेट ओढणारा ८ ते १२ झुरक्यांत अर्ध्या लिटरहून थोडा अधिक धूर आत घेतो, तर हुक्क्याची बैठक २० ते ८० मिनिटे चालते आणि तीत ५० ते २०० झुरके होतात, तेही कितीतरी मोठे. वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. दारे-खिडक्या लावून थंडीत हुक्का पेटविणे आणि बंद खोलीत शेगडी ठेवून निजणे यांत फरक कमीच आहे. हे सारे घरधन्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी हुक्का दिवाणखान्याच्या कोनाड्यात कोरडाच ठेवण्याचे कबूल केले.

तरी जोडणी बरोबर झाली की नाही हे पाहणे राहिलेच होते. त्यासाठी विस्तव लागत नाही. भांड्यात पाणी घातले, नेचा बसविला, सिलिकॉनची एक नळी उसनी आणली. चिलमीच्या जागी तळहात दाबून हलकेच ओढले. कोठूनतरी सूं करून हवा आली. दोऱ्याचे चार वेढे वाढविले. या खेपेस हवा आली नाही. मग तळहात काढून पुन्हा ओढले, आणि सत्तर वर्षे मुका असलेला तो हुक्का खोल, घोगऱ्या आवाजात गुडगुडला.

घरातल्या आजी या वेळपर्यंत आतच होत्या. सून म्हणून या घरात आल्यावर सासऱ्यांचा हुक्का भरण्याचे काम काही वर्षे त्यांच्याकडे होते, हे मला नंतर कळले. आवाज ऐकून त्या बाहेर आल्या नाहीत. स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "पानी जास्त झालं बाप्पा. दोन बोटं कमी करा."